शून्यावरचं शिखर: एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

१ जुलै २०२४

विषय ठरला. ग्राफीनच्या (कार्बनच्या एक अणू जाडीच्या) पापुद्र्यात इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्राखाली कसे चालतात, त्याचं संगणकावरचं प्रतिरूप. मला खरं तर हाताने काहीतरी मोजायचं होतं. मॅडमना तसं म्हटलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दहा टेस्लाचा चुंबक आणि द्रवरूप हेलियम घेऊन ये, खोली मी रिकामी करून देते." आमच्या लॅबमधला इलेक्ट्रोमॅग्नेट अर्धा टेस्लासुद्धा (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) धड देत नाही. तेव्हा लॅपटॉप, पायथन आणि ही वही.

वहीची अट मॅडमचीच: चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. पान फाडलेलं दिसलं तर गुण कापणार.

६ जुलै

हौस म्हणून एक दिवस घालवला. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरला २००४ मध्ये ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावून लावून एक अणू जाडीचा थर सोडवला, २०१० चं नोबेल घेतलं. पेन्सिल आमच्याकडेही आहे. ६बी पेन्सिलीचं शिसं, चिकटपट्टी, दहा-बारा वेळा चिकटव आणि सोडव. पण पावसाळ्यात रत्नागिरीच्या मिऱ्यावर, समुद्रकाठी, चिकटपट्टी चिकटते कुठे? रिळाच्या कडेला मिठाचा नाही तर बुरशीचा थर. शेवटी रिळ तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवलं, आईची बोलणी खाल्ली. मायक्रोस्कोपखाली करड्या रंगाच्या कपच्या दिसल्या, काही चमकणाऱ्या. त्यात एक थराची असेलही, पण ती ओळखायला खाली सिलिकॉनची तकतकीत चकती लागते, तिच्यावर ठरावीक जाडीचा, साधारण ३०० नॅनोमीटरचा, ऑक्साइडचा थर. काचपट्टीवर काही कळत नाही. शिवाय पेन्सिलीत चिकणमाती मिसळलेली. विषय बंद.

१० जुलै

आज नुसती कागदावरची आकडेमोड. ती मात्र मनासारखी झाली.

चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो, हे बारावीतच पाठ केलेलं. साध्या अर्धवाहकात वेग वाढला की वर्तुळ मोठं होतं, पण फेरीला लागणारा वेळ तोच राहतो. जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखं: आतल्या घोड्यावर बसा नाहीतर बाहेरच्या, फेरी एकाच वेळी पुरी. ग्राफीनमध्ये हा हिशोब मोडतो. तिथे इलेक्ट्रॉनला ऊर्जा कितीही द्या, वेग सेकंदाला साधारण दहा लाख मीटरच, म्हणजे प्रकाशाच्या तीनशेवा भाग. ऊर्जेने संवेग वाढतो, वेग नाही. मग वर्तुळ मोठं झालं की फेरीही लांबणारच.

आकडे घालून पाहिले. दर चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन आणि १ टेस्ला क्षेत्र धरलं तर वर्तुळाची त्रिज्या ११७ नॅनोमीटर, एक फेरी ०.७३ पिकोसेकंदात. त्यावरून 'वस्तुमान' काढलं तर मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०२ पट येतं. इथे मी अडले. सगळीकडे लिहिलेलं असतं की ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "वळवायला किती जड जातो, तेवढंच ते. संवेग भागिले वेग. इलेक्ट्रॉन वाढवलेस की ते वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं बघ." आणि हे २००५ मध्ये मोजलेलंच आहे, मँचेस्टर आणि कोलंबिया अशा दोन गटांनी, एकाच वेळी.

बाहेर बेडकांनी नुसता धुमाकूळ घातलाय. याच गाइमने आधी एका जबरदस्त चुंबकात जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता आणि त्यासाठी २००० सालचं इग नोबेल (हसवणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) घेतलं होतं. आमच्या खिडकीखालचे चार-दोन पाठवून द्यायला हरकत नव्हती.

१७ जुलै

आषाढी, कॉलेज बंद. मासेमारीवर ३१ जुलैपर्यंत बंदी, त्यामुळे काकांची होडी शाकारलेली आणि काका पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेले. शेजारी लॅपटॉप घेऊन मी.

मला करायचंय ते त्यांच्या कामासारखंच आहे. त्यांचं जाळं चौकोनी आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक), माझं षटकोनी, मधाच्या पोळ्यासारखं. प्रत्येक गाठीवर एक कार्बन अणू, प्रत्येकाला तीन शेजारी, दोन शेजाऱ्यांत ०.१४२ नॅनोमीटर अंतर. इलेक्ट्रॉन एका गाठीवरून शेजारच्या गाठीवर उडी मारतो आणि त्या उडीची ताकद साधारण २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बाकी सगळं विसरायचं. गाठी मोजायच्या, मोठं मॅट्रिक्स बांधायचं, संगणकाला त्याच्या ऊर्जापातळ्या विचारायच्या. पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्ये ग्रॅफाइटसाठी हे हाताने केलं होतं.

चुंबकी क्षेत्र घालायची युक्ती सुरेख आहे. उडीची ताकद तीच ठेवायची, तिला फक्त एक फेज (लहरीच्या तालातला सरकाव) लावायचा, असा की कुठल्याही षटकोनाभोवती एक चक्कर मारली की सगळ्या फेजची बेरीज त्या षटकोनातून जाणाऱ्या चुंबकी प्रवाहाएवढी व्हावी. तो प्रवाह मोजायचं माप म्हणजे फ्लक्स क्वांटम. षटकोनाचं क्षेत्रफळ ०.०५२ चौरस नॅनोमीटर. एका षटकोनात एक अख्खा फ्लक्स क्वांटम मावायचा तर क्षेत्र किती लागेल? हिशोब तीनदा केला: साधारण ७९,००० टेस्ला. जगातले सर्वांत ताकदवान स्थिर चुंबक ४५ टेस्लाच्या आसपास थांबतात.

माझ्या जाळ्यात चाळीस षटकोनांत मिळून एक क्वांटम असेल, म्हणजे सुमारे २,००० टेस्ला. हास्यास्पद आकडा. पण खरं क्षेत्र घ्यायचं तर जाळं इतकं मोठं लागेल की लॅपटॉप चुलीत घालावा लागेल. मॅडम म्हणाल्या, चालेल, इलेक्ट्रॉनचं सर्वांत लहान वर्तुळ अणूंमधल्या अंतरापेक्षा पुरेसं मोठं आहे ना, एवढं बघ. ते चौपट येतं. चौपट म्हणजे 'पुरेसं' का, हे शेवटी आकड्यांवरूनच कळेल.

काकांनी जाळ्याला सुई लावता लावता स्क्रीनकडे पाहिलं. "हे कुठल्या माशाचं?"

२२ जुलै

पहिली फेरी, क्षेत्र शून्य. जाळं असं: आडवं ४० खाने, ती कड दुसऱ्या कडेला शिवलेली, म्हणजे नळी. वरखाली मोकळं, तिथे नागमोडी कडा. अणूंच्या नागमोडी रांगा ४१, एकूण अणू ३,२८०. दीड-दोन मिनिटं पंखा घोंघावला आणि उत्तर आलं.

आणि चुकीचं आलं. ग्राफीनमध्ये ऊर्जापातळ्यांचा वरचा आणि खालचा पट्टा ज्या बिंदूंवर टेकतात तिथे, म्हणजे शून्य ऊर्जेवर, पातळ्या जवळजवळ नसायलाच हव्यात. आलेखात तिथे दरी दिसायला हवी. माझ्या आलेखात दरीच्या बरोबर तळाशी उंच सुळका. मोजल्या: शून्याला चिकटून २६ पातळ्या.

तीन तास कोड वाचला. काही सापडलं नाही.

२५ जुलै

लाईट सकाळी साडेनऊला गेली, रात्री पावणेअकराला आली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांची. काही नोंद नाही.

२९ जुलै

सुळक्याचा उलगडा झाला. चूक नव्हती, कड होती. नागमोडी कडेवर इलेक्ट्रॉन कडेलाच चिकटून राहतो, आत शिरत नाही, आणि त्याची ऊर्जा शून्य असते. कडेने जाणाऱ्या लहरींपैकी एक तृतीयांश लहरींना हे जमतं. ४० खाने असलेल्या नळीत त्या पट्ट्यात १३ लहरी बसतात, कडा दोन, म्हणून २६. सूत्र आणि मोजणी जुळली तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले.

आता वरची कडही खालच्या कडेवर आणून शिवली. शिवताना शेवटची रांग पहिल्या रांगेवर बसते, म्हणून रांगा ४१ च्या ४० झाल्या, अणू ३,२००. नळीचं झालं टायर. कडच नाही, तर कडेचा सुळकाही नाही. शून्यावर पातळ्या: ०. छान.

गंमत म्हणून ३९ बाय ३९ चं टायर केलं. शून्यावर पातळ्या: ४. हे काय? यावर पुन्हा अर्धा दिवस. दोन्ही पट्टे जिथे टेकतात त्या लहरी तीन-तीन खान्यांनी स्वतःला पुन्हा गिरवतात. ३९ ला तीनने भाग जातो, ४० ला जात नाही. दोन बिंदू, प्रत्येकी दोन पातळ्या, झाल्या चार. चाळीसच्या जाळ्यात ती लहर बसतच नाही.

या आठवड्यात एक शिकले: पातळ्या नुसत्या बघायच्या नाहीत, मोजायच्या.

३ ऑगस्ट

बंदी उठली, काका पहाटेच गेले. मी क्षेत्र चालू केलं.

अपेक्षा काय होती ते आधी लिहिते. लेव डाव्हिडोविच लँडाऊ यांनी १९३० मध्ये दाखवलं की चुंबकी क्षेत्रात गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेता येत नाही, ठरलेल्या पायऱ्याच मिळतात. साध्या पदार्थात त्या जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या, आणि पहिली पायरी जमिनीपासून अर्ध्या उंचीवर. ग्राफीनमध्ये पायऱ्या वर्गमुळाने चढतात: १, १.४१, १.७३, २. सारख्याच खालीही उतरतात. आणि एक पायरी बरोबर जमिनीवर, शून्यावर.

माझ्या आलेखात शून्यावर तलवारीसारखी धारदार रेघ. बाकीच्या पायऱ्यांची मात्र दैना. जिथे पहिली यायला हवी तिथे एक गठ्ठा दिसतो, पण त्याच्या आणि शून्याच्या मधल्या जागेत, जिथे काही नसायला हवं तिथे, पातळ्यांची रांगोळी विस्कटलेली. वर वर तर नुसता चिखल.

२२ जुलैचा सुळका अजून डोक्यात होता. मी सरळ लिहून टाकलं: <रेघ मारलेलं> शून्यावरचं शिखर हा दोष. कड कुठेतरी उघडी राहिली असावी. <रेघ संपली> चूक. ८ ऑगस्टची नोंद पाहा.

५ ऑगस्ट

दोन दिवस उघडी कड शोधतेय. प्रत्येक अणूचे शेजारी छापून काढले, ३,२०० ओळी, प्रत्येकाला तीन. कड उघडी नाही.

एक उपदव्याप मात्र उघडकीला आला. नमपायचं (पायथनच्या गणिती लायब्ररीचं) जे फंक्शन मी वापरते ते मॅट्रिक्सचा खालचा अर्धा त्रिकोणच वाचतं, वरचा अर्धा जुळतो की नाही ते बघतसुद्धा नाही. वर वाट्टेल ते लिहा, ते बिनतक्रार उत्तर देतं. मॅट्रिक्स त्याच्या उलट-सुलट जोडीदारातून वजा करून बघितलं: सगळी शून्यं. म्हणजे ही चूक माझ्याकडे नव्हती, पण असती तर कळलीही नसती. जो कोणी पुढच्या वर्षी हा प्रकल्प घेईल त्याच्यासाठी: ही वजाबाकी आधी करा.

८ ऑगस्ट

सापडलं, आणि सापडवलं काकांनी.

संध्याकाळी काका परतल्यावर जाळं वाळत घालत होते. मी तोंड पाडून बसलेली. काय झालं विचारलं म्हणून सांगितलं, जाळ्याच्या रांगा मोजून प्रत्येक रांगेला थोडा थोडा पीळ देत जायचं आणि शेवटच्या रांगेचा पीळ पहिल्या रांगेशी जुळला पाहिजे, तो जुळत नाही.

"आस मोजतेस की गाठी?"

मी गप्प.

"अगो, उघड्या जाळ्यात चाळीस आस असले तर गाठी एक्केचाळीस. शिवलंस की शेवटची गाठ पहिलीत गेली. मग चाळीसच."

लॅपटॉप उघडला. रांगा मी २९ जुलैला ४१ वरून ४० केल्या होत्या. फेजच्या ओळीत मात्र भाजक अजून ४१. मग शिवणीवर काय होत होतं ते कागदावर मांडलं: बाकी प्रत्येक षटकोनात १/४१ क्वांटम, आणि शिवणीवरच्या रांगेत त्याच्या दुप्पट, २/४१. टायरभोवती जास्त क्षेत्राचा एक पट्टा. त्या पट्ट्याशेजारच्या पातळ्या आपापल्या पायरीवरून सरकल्या होत्या, तीच विस्कटलेली रांगोळी.

एक्केचाळीसचे चाळीस केले. दोन मिनिटं. पायऱ्या अशा लखलखीत उभ्या राहिल्या की मी काकांना दाखवायला धावले. त्यांनी मान डोलावली आणि पापलेट किती मिळालं ते आईला सांगायला आत गेले.

९ ऑगस्ट

पण खरी गोष्ट आज कळली.

मोजायची सवय लागलीय, म्हणून शून्यावरच्या पातळ्या मोजल्या. दुरुस्त केलेल्या जाळ्यात ८०. मग ३ तारखेची चुकीची फाइल उघडली. तिच्यातही ८०. बाकीच्या सगळ्या पायऱ्या विस्कटल्या असताना शून्याची पायरी एकाही पातळीने हललेली नाही. ज्या एकाच गोष्टीवर मी संशय घेतला होता, तेवढीच बरोबर होती.

मॅडमकडे धावले. त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला. म्हणाल्या, याकिर आहारोनोव्ह आणि आहारोन कॅशर यांनी १९७९ मध्येच दाखवलंय, सपाट पृष्ठभागावरच्या अशा इलेक्ट्रॉनच्या शून्य पातळ्या किती हे फक्त एकूण चुंबकी प्रवाहावर ठरतं. क्षेत्र सारखं पसरलंय की कुठे दाट कुठे विरळ, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मी हिशोब केला: चुकीच्या जाळ्यात ३९ रांगा १/४१ च्या आणि एक २/४१ ची, बेरीज बरोबर १. गुणिले ४० खाने, एकूण ४० क्वांटम. बरोबर जाळ्यातही ४०. चूक करूनही एकूण बदललं नव्हतं, कारण शिवलेल्या जाळ्यात एकूण फ्लक्स पूर्णांकच येतो.

आणि ४० क्वांटमला ८० पातळ्या का? दोन बिंदू (पट्टे टेकतात ते), म्हणून दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन, प्रत्येक क्वांटममागे दोन जागा. क्षेत्र दुप्पट करून पाहिलं: १६०. बरोबर.

हे असं का, याचं उत्तर जाळ्यातच आहे. षटकोनी जाळ्यात गाठी दोन जातींच्या: अ च्या तिन्ही शेजारी ब, ब च्या तिन्ही शेजारी अ. उडी मारली की जात बदलते. शून्य पातळीवरचा इलेक्ट्रॉन अशा आकारात पसरतो की ब वर पोचणाऱ्या तिन्ही उड्या एकमेकींना पुसून टाकतात. तो अ वरच राहतो, ब कोराच (दुसऱ्या बिंदूच्या इलेक्ट्रॉनचं याच्या उलट). क्षेत्र थोडं इकडेतिकडे असलं तर पसरायचा आकार जरा बदलतो, पण पुसणं चालूच राहतं. वरच्या पायऱ्यांवरचा इलेक्ट्रॉन दोन्ही जातींवर वाटलेला असतो, त्याला ही सोय नाही.

मॅडमनी तपासायचा उपाय सांगितला. सगळ्या अ गाठींची ऊर्जा ०.०१ ने वर उचल, ब ची तेवढीच खाली ढकल. (एकक उडीच्या ताकदीचं.) शून्यावरच्या ८० जर खरोखर एकेका जातीवर बसल्या असतील तर त्यांचे दोन स्वच्छ गट पडतील. पडले: ४० वर, ४० खाली. एका बिंदूचे सगळे अ वर, दुसऱ्याचे सगळे ब वर.

एक ताकीद मॅडमनी दिली ती इथे लिहून ठेवते. हे सगळं चुंबकी क्षेत्राच्या खडबडीतपणाबद्दल आहे. पापुद्र्याखाली अडकलेले विद्युतभार ही निराळी गोष्ट, ते शून्य पातळीलाही पसरवतात. म्हणून तर खरे नमुने करणारे लोक ग्राफीनखाली बोरॉन नायट्राइडचा गुळगुळीत थर घालतात.

१२ ऑगस्ट

पहिल्या पायरीचा आकडा. सूत्राने ०.५२ (उडीच्या ताकदीच्या एककात), माझा त्याच्या किंचित खाली. दुसऱ्या आणि पहिल्या पायरीचं गुणोत्तर १.४१ पेक्षा जरा कमी, आणि वर जाल तसा फरक वाढतो. वर्तुळ अणूंच्या अंतराच्या चौपटच असल्याचं हे फळ. चौपट म्हणजे खालच्या पायऱ्यांपुरतं पुरेसं, एवढंच म्हणता येईल.

खऱ्या प्रयोगांचे आकडे वेगाला दहा लाख धरून काढले. १ टेस्लाला पहिली पायरी ३६ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, १० टेस्लाला ११५ वर. गॅलियम आर्सेनाइडमध्ये (हा साधा अर्धवाहक) १० टेस्लाला दोन पायऱ्यांतलं अंतर जेमतेम १७. खोलीच्या तापमानाची धग २६. म्हणजे गॅलियम आर्सेनाइडच्या पायऱ्या साध्या उकाड्यातच पुसल्या जातात, ग्राफीनच्या नाही. २००७ मध्ये ४५ टेस्लापर्यंत जाऊन खोलीच्या तापमानालाही क्वांटम हॉल परिणाम (या पायऱ्यांमुळे विद्युत रोधही पायऱ्यांनी बदलतो तो) दाखवला गेला, तो यामुळे. आमच्या मे महिन्यातल्या रत्नागिरीत टिकेल का, विचारलं असतं तर उत्तर हो आलं असतं, फक्त चुंबक वाहून आणायला ट्रक लागला असता.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ वाहिला, दिवसभर घरात नारळीभात. पण आज काकांच्या तोंडून एक उपमा मिळाली, ती मॅडमना आवडेल असं वाटतं.

मी त्यांना हॉल परिणाम समजावत होते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पत्र्यात पाहिला तो: प्रवाह लांबीला, चुंबक आरपार, तर रुंदीला थोडा व्होल्टेज. शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, क्लाउस फॉन क्लिट्झिंगना दिसलं की फार थंडीत आणि मोठ्या क्षेत्रात तो रोध (हे व्होल्टेज भागिले प्रवाह) सरळ वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो, आणि पायरीची उंची पदार्थ कुठलाही असो तीच: २५,८१२.८ ओहम भागिले पूर्णांक. त्यांना १९८५ चं नोबेल. मी म्हटलं, आतले सगळे इलेक्ट्रॉन तर गोल गोल फिरतायत, कुठेच जात नाहीत, मग प्रवाह वाहतो कुठून?

काका म्हणाले, "सुकाणू अडकलं की होडी भर समुद्रात गोल फिरते. जेटीजवळ अडकलं तर? आपटत आपटत जेटीच्या कडेकडेनेच पुढे जाते. मागे नाही येत."

हेच. आतले गोल फिरतात आणि तिथेच राहतात, कडेचे आपटत आपटत एकाच दिशेने पुढे. वाटेत खडक आला तरी होडी त्याला वळसा घालून पुन्हा कडेला लागते, मागे फिरायला जागाच नाही. म्हणून पायरी इतकी काटेकोर.

ग्राफीनच्या पायऱ्या मात्र विषम. प्रत्येक भरलेली पातळी चार वाटा देते (दोन बिंदू गुणिले दोन स्पिन), पण शून्याची पातळी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांच्यात अर्धी अर्धी वाटलेली. म्हणून मोजणी ४, ८, १२ अशी न येता २, ६, १० अशी येते. रोध १२,९०६, मग ४,३०२, मग २,५८१ ओहम. २००५ च्या दोन्ही लेखांत हेच अर्धं पाऊल होतं. आणि ते अर्धं पाऊल माझ्या लॅपटॉपवरच्या त्या ८० मधूनच येतं.

४ सप्टेंबर

मॅडम म्हणाल्या, नुसतं संगणकावरचं नको, लॅबमधला जर्मेनियमच्या स्फटिकाचा हॉल प्रयोग जोडीला लाव. लावला. गॉसमीटरचा काटा थरथरतोय, व्होल्टेज दर मिनिटाला वेगळं. संच पुरवणाऱ्याला फोन केला तर म्हणे "पॉलिश करा". कशाला? प्रोबची पिन काढून बघितली तर हिरवीगार. खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही वायरमनला विचारा. घासकागद, मग थोडं स्पिरिट, मग वाचन स्थिर. मॅग्नेटचे ध्रुवही गंजलेले, त्यांना मशिनचं तेल पुसलं. दोन दिवस गेले, एक ओळीचं कोष्टक हाती आलं.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपून संध्याकाळी आलेख पुन्हा काढले. घरात वाजंत्री, माझ्या कानात पंख्याची घरघर.

मॅडमनी मसुदा परत पाठवला. चुकीचा, ४१ वाला आलेख मी काढून टाकला होता. त्यांनी समासात लिहिलंय, "हा परत घाल. बरोबर आलेखाशेजारी, त्याच मापात." शून्यावरच्या शिखराला दोन्हीकडे बाण काढून ८० लिहायला सांगितलंय. ३ ऑगस्टच्या नोंदीतल्या रेघेखाली त्यांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे, चूक खोडली नाही म्हणून.

बाकी कामं: ६० बाय ६० ची फेरी विभागातल्या मोठ्या संगणकावर (मॅट्रिक्सलाच ८०० एमबी लागतील, माझ्याकडे नाही होणार). जर्मेनियमचं कोष्टक पुन्हा एकदा, पाऊस थांबला की. बाइंडिंगच्या चार प्रती, रंगीत पानं फक्त दोन, ते आलेख. आभाराच्या पानावर काकांचं नाव. ते म्हणतात घालू नको, मी घालणार.